बरे होणे आणि सावरणे

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी आपट्याला थांबते तेव्हा उतरणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. मुंबईकरांना हे स्टेशन ठाऊक आहे ते १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधल्या शेवटच्या गाडीमुळे. गावकऱ्यांना आता त्याचे कौतुक राहिलेले नाही. पाताळगंगेचा काठ, एका अंगाला कर्नाळ्याचा सुळका, दुसऱ्या अंगाला रसायनीचे कारखाने आणि कारखान्यांमागून आलेली गावोगावची माणसे. या पट्ट्यात रविवारी सकाळी एखाद्या चाळीच्या खोलीतून ढोलकी आणि टाळ्यांचा आवाज येतो. भजन असावे असे वाटते. असतेही भजनच, फक्त नाव ख्रिस्ताचे.

गेल्या पावसाळ्यात अशा एका सभेला मी मागच्या भिंतीला टेकून बसलो होतो. सतरंजीवर पंधरा-वीस माणसे, चपला दाराबाहेर पाण्यात, स्टुलावर खोबरेल तेलाची बाटली आणि कडा मऊ पडलेले पवित्र शास्त्र. ‘साक्ष’ द्यायची वेळ आली तशा एक बाई उठल्या. वर्षापूर्वी त्यांचा मुलगा हायवेवर अपघातात गेला होता. म्हणाल्या, “पोरगा गेला तो गेला. चार महिने डोळ्याला डोळा नव्हता. आता पहाटेपर्यंत झोप लागते.” शेजारच्या उत्साही गृहस्थांनी “प्रभूनं बरं केलं!” असे मोठ्याने म्हटले. बाई खाली बसता बसता पुटपुटल्या, “बरं नाही हो. सावरले.”

ख्रिस्ती श्रद्धेतून मनाला आराम पडतो का, पडत असेल तर कशाने, आणि त्यावर भरवसा किती ठेवावा, या प्रश्नाचा आढावा घ्यायचा तर त्या बाईंनी केलेला फरक हाताशी असलेला बरा. या विषयावरची निम्मी भांडणे ‘बरे होणे’ या शब्दावरून होतात. साक्षी मात्र बहुतेक सावरण्याच्या असतात.

रमाबाईंचे कागद

फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ चे. पण एका माणसाच्या मनाची जखम आणि तिच्यावर धर्माने घातलेली फुंकर हा विषय मराठीत खऱ्या अर्थाने येतो तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्यावर सगळ्यांत जास्त कागद मागे ठेवले ते पंडिता रमाबाईंनी. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळी वणवणीत आईवडील आणि थोरली बहीण गेली. १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी. पंचविशी गाठायच्या आत या बाईच्या मागेपुढे एक तान्ही मुलगी सोडली तर कुणी उरले नव्हते. १८८३ मध्ये त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला वाँटेजच्या मठात गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घटनाक्रम एवढाच असता तर ‘दुःखी माणसाला आधार मिळाला’ म्हणून विषय मिटला असता. पण कागद बारकाईने पाहिले की गुंता दिसतो. रमाबाईंबरोबर आनंदीबाई भगत नावाची एक सोबतीण गेली होती. बाप्तिस्म्याच्या थोडेच दिवस आधी वाँटेजला तिने विष घेऊन जीव दिला. एवढा मोठा धक्का आणि एवढा मोठा निर्णय एकाच महिन्यात. काहींच्या मते धर्मांतर त्या धक्क्यातून आले, काहींच्या मते ते आधीच ठरत आले होते. स्वतः रमाबाईंनी पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत कारण दिले ते वेगळेच. लंडनच्या फुलहॅम भागात मठाच्या सिस्टर चालवत असलेले एक निवारागृह त्यांनी पाहिले होते. ज्या बायकांना समाजाने ‘पतित’ म्हणून टाकले, त्यांना तिथे मायेने वागवत होते. असे का, म्हणून त्यांनी विचारले, तेव्हा सिस्टरांनी योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंना पटला तो सिद्धान्त नव्हे, एक वागणूक पटली.

त्याच साक्षीतली आणखी एक कबुली या आढाव्यासाठी मोलाची आहे. १८८३ मध्ये आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता. मनाला खरी शांती लाभायला पुढे आठेक वर्षे गेली, असे त्या सांगतात. मधल्या काळात वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा जो वाद चालला, तो ए. बी. शहा यांनी १९७७ मध्ये संपादित केलेल्या पत्रसंग्रहात वाचायला मिळतो. त्यात दिलासा मिळालेली भाविक बाई सापडत नाही. चर्चच्या अधिकाराला प्रश्नावर प्रश्न विचारणारी बाई सापडते. मीरा कोसंबी, उमा चक्रवर्ती, गौरी विश्वनाथन या अभ्यासकांनी रमाबाईंच्या धर्मांतराकडे दुबळ्याचा आसरा म्हणून न पाहता विचारी बाईचे बंड म्हणून पाहिले, त्याला हा पत्रव्यवहार मोठा आधार आहे. भाविक चरित्रकार मात्र शेवटच्या शांतीवर भर देतात. दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात होत्या, हे मान्य करायला दोन्ही बाजू जरा कां-कूं करतात.

आणि ही शांती म्हणजे दुःखाचा शेवटही नव्हे. १९२१ मध्ये मनोरमा गेली. पुढच्या एप्रिलात रमाबाई गेल्या.

एकाची शांती, दुसऱ्याची परवड

नारायण वामन टिळकांची गोष्ट मराठी वाचकाला अधिक जवळची. १८९३ मध्ये राजनांदगावच्या गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांना जे मिळाले ते त्यांच्या भजनांत उतरले, आणि ती भजने आजही मराठी उपासनेचा कणा आहेत. रसायनीच्या त्या खोलीत ढोलकीवर चालले होते त्यातले एक पद त्यांचेच होते.

पण या आढाव्यात टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंची साक्ष वजनदार वाटते. नवऱ्याला शांती मिळाली त्या दिवसापासून बायकोची परवड सुरू झाली. लहान मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने राहणे, लोकांचे बोलणे, जीव नकोसा होणे, हे ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि लक्ष्मीबाईंच्या स्वभावाप्रमाणे हसतहसत सांगितलेले आहे. साडेचार-पाच वर्षांच्या दुराव्यानंतर त्या टिळकांकडे परतल्या, सोवळेओवळे काही काळ सांभाळले, मग स्वतःच्या विचाराने सोडले आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. श्रद्धेने बरे वाटण्याची किंमत कधीकधी घरातले दुसरे माणूस भरते, ही गोष्ट साक्षींच्या पुस्तिकांत येत नाही. १९३४ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या या आत्मचरित्रात ती आली आहे, म्हणून ते केवळ साहित्यकृती राहत नाही, या प्रश्नातला पुरावा ठरते.

समूहाचे दुखणे

रमाबाई आणि टिळक ब्राह्मण, शिकलेले, लिहिणारे. मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग मात्र महार आणि मांग समाजांतून आला, विशेषतः अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागात, १८७६-७८ च्या दुष्काळानंतर. त्यांना ‘अन्नासाठी बाटलेले’ म्हटले गेले. दुष्काळात अन्न मिळाले हे खरे. पण नंतरच्या पिढ्यांच्या आठवणींत अन्नाइतकेच येते ते दुसरे काही: नावाने हाक मारली गेली, शाळेत बसायला मिळाले, मिशनच्या दवाखान्यात डॉक्टरने नाडी हातात धरली. शिवून घेतले जाणे, हाच उपचार होता.

डॉ. आंबेडकरांनी या दाव्याची कठोर तपासणी केली. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरच्या त्यांच्या लेखाचा रोख असा की, धर्म बदलला तरी जात चर्चच्या दारातून आत आली, आणि परलोकाच्या आशेने इहलोकीच्या लढ्याची धार कमी होऊ शकते. चर्चच्या आतून या टीकेला सर्वांत प्रामाणिक उत्तर मराठी धर्मचिंतक अरविंद निर्मळ यांनी दिले. १९८१ मधल्या त्यांच्या बंगळुरूच्या भाषणापासून दलित ईशज्ञानाची सुरुवात मानतात. त्यांच्या मांडणीत देव दुःख दूर करणारा जादूगार नसतो. तो स्वतः अवमानित, सेवक, वेदना सोसणारा असतो. दुःख पुसायचे नाही, त्यातूनच देवाला ओळखायचे.

युरोपात याच्याशी जुळणारी वाट युर्गन मोल्टमान यांची. १९४३ च्या हँबर्गच्या बाँबहल्ल्यात शेजारचा मित्र मेला, हे वाचले; पुढे युद्धकैदी म्हणून छावणीत असताना हातात बायबल आले आणि स्तोत्रसंहितेतले विलाप त्यांना आपले वाटले. १९६४ च्या त्यांच्या ‘आशेचे ईशज्ञान’ या ग्रंथाने ‘आशा’ या शब्दाला सांत्वनातून काढून बदलाच्या बाजूला नेले. स्तोत्रसंहितेत विलापस्तोत्रांचा वाटा केवढा मोठा आहे हे लक्षात घेतले, तर ‘प्रभूत सदा आनंदी राहा’ एवढाच निरोप देणारी सभा आपल्याच शास्त्रातला मोठा भाग गाळते, असे म्हणावे लागते.

केडगाव ते बुधवारची चिठ्ठी

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात प्रार्थनेसाठी मुलींचा एक गट केला. सुरुवातीला सत्तरेक होत्या, जूनपर्यंत साडेपाचशेच्या घरात गेल्या. जूनच्या अखेरीस जे सुरू झाले त्याला ‘संजीवन’ म्हणतात: मुली ढसाढसा रडू लागल्या, अंगात आग भरल्यासारखे वाटल्याचे सांगू लागल्या, तासन्‌तास पापांची कबुली देऊ लागल्या. या मुली कोण होत्या, हे विसरून चालणार नाही. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून आणलेल्या अनाथ, बालविधवा, अत्याचार सोसलेल्या. आजच्या भाषेत ‘आघात’ म्हणतात तो त्यांच्यापैकी बहुतेकींच्या वाट्याला आला होता. तो सामुदायिक आक्रोश पवित्र आत्म्याचा होता, की कधी न रडलेल्यांना पहिल्यांदा रडायची मुभा मिळाली होती? पेंटेकोस्टल इतिहासकार पहिले मानतात आणि १९०६ च्या लॉस एंजेलिसमधल्या अशाच जागृतीच्या आधीचे केंद्र म्हणून केडगावचे नाव घेतात. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांची केडगाववरची पुस्तिका चिलीपर्यंत पोहोचून तिथेही चळवळ उभी राहिली. मानसशास्त्राच्या वाटेने जाणारे दुसरे मानतात. माझ्या मते या दोन वाक्यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही, पण दोन्ही गटांना तसे म्हटलेले आवडत नाही.

चर्चच्या आत आज तीन वळणे दिसतात. जुन्या प्रॉटेस्टंट परंपरेतला एक प्रवाह चमत्कार प्रेषितांच्या काळाबरोबर संपले असे मानतो. बी. बी. वॉरफिल्ड यांचे १९१८ चे पुस्तक त्याचा आधारग्रंथ. या प्रवाहात उपचार डॉक्टरांचा, पाळकाने सोबत करायची. मिरजेला १८९४ मध्ये विल्यम वॉनलेस यांनी उभारलेले रुग्णालय, कोकणात वेंगुर्ल्याचे सेंट ल्यूक्स ही या विचाराची दगडविटांची रूपे.

कॅथलिक परंपरेत संस्कार आणि भक्ती शेजारी शेजारी चालतात. आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार पूर्वी मरणाच्या दारातल्या माणसाला दिला जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तो पुन्हा आजाऱ्यांचा संस्कार झाला. भक्तीचे रूप पाहायचे तर माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये बुधवारी जावे. १९४८ पासून चालत आलेल्या तिथल्या नोव्हेनाला सर्व धर्मांची माणसे असतात, मागण्यांच्या आणि आभाराच्या चिठ्ठ्या येतात. वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचे हातपाय वाहतात, सप्टेंबरात श्रीरामपूरजवळ हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. मराठी माणसाला नवस कळतो, त्यामुळे इथे परकेपणा वाटत नाही. मात्र कॅथलिक चर्चनेच १४ सप्टेंबर २००० च्या सूचनापत्रात आरोग्यप्रार्थनांना मर्यादा घातली: उन्माद, नाटकीपणा, सनसनाटी नको, आणि बिशपांच्या परवानगीशिवाय अशी उपासना नको.

तिसरे वळण स्वतंत्र पेंटेकोस्टल मंडळ्यांचे. शहराच्या कडेच्या पट्ट्यांत, पनवेल-रसायनीसारख्या ठिकाणी, तेच सर्वांत जवळून भेटते. इथे आजार, बेकारी, दारू, घरातली भांडणे सगळे एकाच प्रार्थनेत मांडतात. ताकद यातच आहे आणि धोकाही यातच आहे. कुणाच्याही दुःखाला इथे ‘क्षुल्लक’ म्हणत नाहीत. पण बरे वाटले नाही तर ‘विश्वास कमी पडला’ हे वाक्यही इथेच लवकर कानावर येते.

मोजपट्टी लावणारे

विल्यम जेम्स यांनी १९०२ च्या ग्रंथात ‘आजारी आत्मा’ ही कल्पना मांडली. जगाच्या दुःखाने पोखरलेल्या माणसाला धर्म दुसरा जन्म देऊ शकतो, आणि तो खरा की खोटा हे त्याच्या फळांवरून ठरवावे, ही त्यांची भूमिका. फ्रॉइड यांनी १९२७ मध्ये धर्माला इच्छापूर्तीचा भ्रम म्हटले. पुढची शंभर वर्षे या दोघांच्या मधल्या जागेत मोजमाप चालले आहे.

आकडे सांगतात ते दोन्ही बाजूंना निराश करणारे. २००३ मध्ये १४७ अभ्यासांचा आणि जवळजवळ ९९,००० माणसांचा एकत्र विचार केला तेव्हा धार्मिकता आणि नैराश्य यांच्यातला सहसंबंध उणे ०.०९६ निघाला. म्हणजे धार्मिक माणसांत नैराश्य किंचित कमी, पण किंचितच. तणावाखालच्या माणसांत हा संबंध जरा अधिक ठळक दिसला. अमेरिकेतल्या ८९,७०८ परिचारिकांच्या १९९६ ते २०१० या काळातल्या पाहणीत आठवड्यातून एकदा तरी उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये आत्महत्येचे प्रमाण न जाणाऱ्यांच्या सुमारे एक पंचमांश आढळले. इथे मोजले होते ते मनातले मत नव्हे, जाणे-येणे. दुर्खीमने १८९७ मध्येच समूहाच्या बांधणीकडे बोट दाखवले होते, ते आठवते.

केनेथ पार्गमेंट यांनी विषयाला सर्वांत उपयोगी वळण दिले. धर्माचा आधार घेण्याच्या दोन तऱ्हा त्यांनी वेगळ्या केल्या: ‘देव माझ्याबरोबर आहे’ ही एक, ‘देवाने मला टाकले, तो मला शिक्षा करतोय’ ही दुसरी. ५५ वर्षांवरच्या ५९६ रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतलेल्या त्यांच्या २००१ च्या अभ्यासात दुसऱ्या तऱ्हेची धडपड करणाऱ्यांना मृत्यूचा धोका जास्त आढळला. त्यामुळे श्रद्धा चांगली की वाईट हा प्रश्न मागे पडतो, आणि कोणत्या देवाचे चित्र डोळ्यांसमोर आहे हा पुढे येतो. पाळकाच्या प्रवचनाला यामुळे वैद्यकीय महत्त्व येते, हे पाळकांना कुणी फारसे सांगत नाही.

दुसऱ्याने केलेल्या प्रार्थनेचा प्रश्न वेगळा. २००६ मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर याची मोठी चाचणी झाली. प्रार्थनेचा फायदा दिसला नाही. उलट ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे’ असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यात गुंतागुंत ५९ टक्के, इतर दोन गटांत ५१-५२. परमेश्वराला प्रयोगशाळेत बोलावण्याची ही खटपट श्रद्धावंतांनाही खटकली आणि संशयवाद्यांनाही पुरेशी वाटली नाही.

आक्षेप आणि कायदा

विवेकवाद्यांचा आक्षेप श्रद्धेवर कमी आणि औषध थांबवण्यावर जास्त आहे. तो गंभीरपणे घ्यायला हवा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना असल्याचे दिसले. जिथे मानसोपचारतज्ज्ञच नाही तिथे माणूस देवाच्या दारी जाणार. धर्म कोणताही असो, त्या दारी काय होऊ शकते हे ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीने दाखवले. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत गेले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, बांधून ठेवणे हा गुन्हा ठरवला, मात्र प्रार्थना, उपासना, कीर्तन यांना हात लावला नाही. रेषा कुठे ओढायची याचे ते उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

दुसरा आक्षेप धर्मांतराचा. दुःखात सापडलेल्या माणसाची संमती खरी किती? १८९३ मध्ये पुण्यात रमाबाईंच्या शारदा सदनावरून हाच प्रश्न पेटला. मुलींवर धर्माचा प्रभाव पडतो म्हणून ‘केसरी’ने टीका केली आणि रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले. १९५६ च्या मध्य प्रदेशातल्या नियोगी समितीने दवाखाने-शाळांकडे आमिष म्हणून पाहिले. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये धर्मप्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे असा निकाल दिला. ख्रिस्ती बाजूचे म्हणणे असे की, दुःखी माणसालाही बुद्धी असते, आणि मदत करणाऱ्याने आपला विश्वास लपवून मदत करावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. इथून दोन-अडीच तासांवरच्या पुण्यातला तो वाद सव्वाशे वर्षांनी जवळपास त्याच शब्दांत चालू आहे.

या दोन टोकांमध्ये पेण तालुक्यातल्या गागोद्याच्या एका माणसाची आठवण होते. विनोबांनी ‘ख्रिस्तधर्मसार’ संकलित केले, त्यात रमले, आणि जिथे होते तिथेच राहिले. ख्रिस्ताकडून धीर घेण्यासाठी रजिस्टरात नाव बदलावे लागते का, या प्रश्नाचे ते एक उत्तर. चर्चला ते पूर्ण मान्य होण्यासारखे नाही.

हातात हात घालून

सगळ्यांत कमी भांडण आणि सगळ्यांत जास्त काम व्यसनमुक्तीत झाले. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली तेव्हा तिची मुळे ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत होती: कबुली, भरपाई, शरणागती, साक्ष. देवाच्या जागी ‘आपल्याहून मोठी शक्ती’ आली आणि पद्धत सगळ्यांची झाली. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले, त्यात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड दिली. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण उभे केले, तिथेही या गटांच्या सभांना जागा आहे. २०२० मध्ये २७ अभ्यासांच्या आणि १०,५६५ माणसांच्या आढाव्यात दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत ही वाट इतर उपचारांच्या बरोबरीची किंवा सरस ठरली. साक्ष देणे हा प्रकार चर्चमधून निघून वैज्ञानिक कसोटीला उतरला, असे याचे एक उदाहरण तरी आपल्यासमोर आहे.

मनोरुग्णांच्या बाबतीत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे मानसिक आरोग्य केंद्र १९५७ पासून नातेवाइकांना रुग्णाबरोबर राहायला लावते. उपचार औषधांचा, सोबत घरच्यांची. पनवेल तालुक्यात नेऱ्याच्या बाजूला एकीकडे गांधीवाद्यांचे शांतिवन आहे, दुसरीकडे सील हा ख्रिस्ती आश्रम, जो मुंबईच्या रस्त्यांवरची आणि फलाटांवरची बेवारस माणसे आणून शक्य तेव्हा घरी पोहोचवतो. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र रस्त्यावरच्या मनोरुग्णांना औषधाने बरे करून घरी नेते. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्याच कामाचा. नाव श्रद्धा, साधन औषध. तिन्ही ठिकाणची माणसे एकमेकांशी वाद घालताना दिसत नाहीत. वाद घालायला वेळ नसावा.

काय उरते

उरते ते बरेच. वर दिलेले मोठे आकडे प्रामुख्याने अमेरिकेतल्या ख्रिस्ती माणसांचे आहेत. नगर जिल्ह्यातल्या गावातल्या, वसईतल्या किंवा रसायनीच्या चाळीतल्या मंडळीला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. उपासनेला जाणाऱ्यांना बरे वाटते, की बरे असणारेच उपासनेला जातात, हे कोडे सुटलेले नाही. समूह, संगीत, स्पर्श आणि अर्थ यांतले नेमके काय काम करते, आणि ख्रिस्ताचे नाव काढून ठेवले तर तेवढेच काम होईल का, यावर भाविक आणि संशोधक यांचे एकमत होण्याची चिन्हे नाहीत. सभेतून कंटाळून निघून गेलेल्यांची, बरे न वाटलेल्यांची साक्ष तर कुणीच लिहून ठेवत नाही. रमाबाईंची आठ वर्षे आणि लक्ष्मीबाईंची पाच आपल्याला कळली ती त्या दोघी लिहीत होत्या म्हणून.

त्या रविवारी सभा संपल्यावर चहा झाला. त्या बाई शेजारी बसल्या होत्या. बोलता बोलता कळले की त्या पनवेलच्या एका डॉक्टरांकडे महिन्यातून एकदा जातात, रात्री एक गोळी घेतात. साक्षीत हे का नाही सांगितले, म्हणून विचारले. म्हणाल्या, “कुणी विचारलं नाही.” आणि डॉक्टरांना इथे येता ते सांगितले का? “त्यांनीही नाही विचारलं.”

पाळक, फादर, सिस्टर यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर विनंती एवढीच: साक्ष ऐकून झाली की औषध चालू आहे ना, हे विचारावे. डॉक्टरांनीही रविवारी कुठे जाता ते विचारावे. आणि ज्यांना या दोन्ही दारांपर्यंत जाणे होत नाही त्यांच्यासाठी, सरकारच्या टेलि-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. फोन कोणत्याही वेळी करता येतो, पैसे पडत नाहीत, आणि पलीकडून मराठीत बोलतात.